एक किलोमीटर मेट्रोच्या भावात

माझ्या मीटिंग्ज ज्या बिल्डिंगमध्ये असतात, तिथले सिक्युरिटी काका रोज अकरा किलोमीटर सायकल मारत ड्युटीवर येतात. गिअर नाहीत, हेल्मेट नाही, कॅरिअरला जेवणाचा डबा. परवा बघितलं तर काकांच्या कोपराला हे भलंमोठं बँडेज.

‘‘काही नाही मॅडम, टेम्पोनं जरा दाबलं.’’

‘‘पण काका, तुमच्या रस्त्याला तर सायकल ट्रॅक आहे ना?’’

काका हसले. ‘‘आहे की. सुरुवातीला गाड्या लावलेल्या, पुढं डीपीचा खांब, मग एक टपरी, आणि चौक आला की ट्रॅक गायब. चार वेळा चढायचं, चार वेळा उतरायचं. लेट मार्क लागला तर पगार माझा कापतात, ट्रॅकचा नाही!’’

आता तुम्ही म्हणाल, पुण्यात सायकलसाठी जागा कुठेय आणि महापालिकेकडे पैसा कुठेय? मलाही असंच वाटायचं. मग एका रविवारी मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले.

पुण्याचा सर्वंकष सायकल आराखडा महापालिकेच्या मुख्य सभेनं डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केला. ट्रॅक, सायकल पार्किंग, शेअरिंगच्या सायकली, सगळं त्यात आहे. अंदाजे खर्च ३३५ कोटी. ऐकायला मोठा आकडा, हो ना? आता दुसरा आकडा बघा. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला केंद्रानं डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी दिली तेव्हाचा हिशेब होता सुमारे ३१ किलोमीटरला ११,४२० कोटी. म्हणजे किलोमीटरला साधारण ३६५ कोटी. थोडक्यात, अख्ख्या शहराचा सायकल आराखडा एक किलोमीटर मेट्रोपेक्षा स्वस्त! मेट्रोला माझा अजिबात विरोध नाही. मी स्वतः तिनं फिरते. पण ‘पैसे नाहीत’ हे कारण मात्र त्या दिवसापासून माझ्या गळी उतरत नाही.

मग घोडं अडतं कुठे? काय आहे ना, आराखडा मंजूर होणं म्हणजे चेक फाटणं नव्हे. पैसे मिळतात दरवर्षीच्या अंदाजपत्रकातल्या तरतुदीतून. आणि महापालिकेच्या भाषेत एक भारी शब्द आहे : ‘वर्गीकरण’. म्हणजे एका कामासाठी ठेवलेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवणं. ज्या कामासाठी कुणी भांडत नाही, त्याचा पैसा वळवणं सगळ्यात सोपं. पाण्याची लाइन फुटली तर अख्खी सोसायटी वॉर्ड ऑफिसात जाऊन बसते. सायकल ट्रॅक रखडला म्हणून कोण गेलंय? काकांना तर सुट्टीच नाही!

दुसरी गोष्ट. आपल्याकडे ट्रॅक येतात ते दुसऱ्या कामाच्या शेपटीला बांधून. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली, ती केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेत. पुण्याच्या आकाराच्या शहरांसाठी त्या योजनेत ५० टक्के वाटा केंद्राचा, २० राज्याचा आणि ३० महापालिकेचा. त्या पॅकेजमध्ये सायकल ट्रॅकही होते. छानच! पण असा पैसा बांधण्यासाठी एकदाच येतो. झाडलोट, तुटलेले ब्लॉक, दिवे, अतिक्रमण हटवणं, हा खर्च दरवर्षीचा, आणि तो महापालिकेच्याच खिशातून. शिवाय ज्या रस्त्याचं काम निघालं तिथेच ट्रॅक होतो. म्हणून तुकडे. आणि तुकड्यांवरून कुणी ऑफिसला जात नाही, यार.

स्पेनमधल्या सेव्हियानं नेमकं उलटं केलं. २००६-०७ मध्ये त्यांनी जवळपास ८० किलोमीटरचं जाळं एका दमात बांधलं, एकमेकांना जोडलेलं आणि गाड्यांपासून वेगळं. खर्च सुमारे ३.२ कोटी युरो. त्यासाठी गाड्यांच्या पार्किंगच्या हजारो जागा काढल्या. आधी तिथे सायकल चालवणारे मोजकेच होते. चारेक वर्षांत सायकलच्या फेऱ्या दहापटीहून जास्त वाढल्या. ऊन तिथेही आपल्यासारखंच कडक, बरं का! फरक एवढाच, की त्यांनी आधी नकाशा पूर्ण केला आणि मग लोक येण्याची वाट पाहिली. आपण म्हणतो, आधी सायकलवाले दाखवा, मग ट्रॅक देऊ. पूल नसलेल्या नदीत पोहणारे मोजून, पुलाची गरज नाही असं ठरवण्यासारखं आहे हे.

सायकलवाले आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण रविवारी सकाळी सिंहगडच्या दिशेनं निघालेले लायक्रावाले बघतो. वॉचमन, पेपरवाला, दूधवाला, बांधकामावरचा मजूर यांची सायकल ही हॉबी नाही, ते त्यांचं पेट्रोल न लागणारं करिअर आहे. ट्रॅकचा पैसा वळवला जातो तेव्हा वीकेंडचा छंद बुडत नाही, कुणाचा तरी कोपर फुटतो.

मग आपण काय करायचं? फार काही नाही. पुण्यात २००६ पासून सहभागी अंदाजपत्रकाची सोय आहे. नागरिकांनी आपल्या भागातली छोटी कामं सुचवायची, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. यंदा मी फॉर्ममध्ये उड्डाणपूल मागणार नाहीये. काकांच्या रस्त्यावर ट्रॅकच्या तोंडाशी गाड्या शिरू नयेत म्हणून खांब, चौकात उतार आणि दोन दिवे, एवढंच. आणि मार्च एंडच्या आधी जाऊन विचारणार, ‘‘साहेब, याचं वर्गीकरण तर नाही ना झालं?’’

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘‘टाका मॅडम फॉर्म. पण खांब जरा लांब लांब लावायला सांगा, माझा डबा अडकायला नको!’’

बघा, प्लॅनिंग यालाच म्हणतात.