नाशिकची पहिली स्टारकिड

नवा सिनेमा आला आणि त्यात कुणाची तरी मुलगी पहिल्यांदा झळकली, की तुमच्या कट्ट्यावर कोर्ट भरतं. काम हिच्या जिवावर मिळालं की बाबांच्या? ट्रेलर पूर्ण बघायच्या आत निकालही लागतो. तर आज तुमच्या कोर्टात आपल्याच गावची एक जुनी केस. मुलगी जेमतेम सात वर्षांची, साल १९१८-१९, दिग्दर्शक तिचे सख्खे वडील आणि कंपनीचे एक भागीदारही तेच.

मुलीचं नाव मंदाकिनी फाळके. वडील कोण, हे नाशिककरांना सांगायला नको. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांच्या नावाचं स्मारक आहे, तिथे तुम्ही शाळेच्या सहलीत नाही तर बंक मारून एकदा तरी गेला असालच. 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' नाशिकला होती आणि तिच्याच 'श्रीकृष्णजन्म'मध्ये (१९१८) मंदाकिनी पहिल्यांदा पडद्यावर आली. पुढच्याच वर्षी 'कालियामर्दन' आला आणि त्यात बाळकृष्णाची अख्खी भूमिका तिची होती. फाळक्यांचे बहुतेक सिनेमे काळाने गिळले. या सिनेमाचा मात्र बराच मोठा भाग वाचलाय आणि इंटरनेटवर सहज सापडतो. म्हणजे पुरावा समोर आहे, निकाल बघून द्या.

सुरुवात बघाच. कृष्ण येण्याआधी पडद्यावर येते ती साधी मंदाकिनी. कॅमेरा जवळ, फक्त चेहरा. एकामागून एक भाव ती बदलत जाते आणि मग बघता बघता त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. देवदर्शनाला आलेल्या प्रेक्षकाला फाळके आधी सांगतात की बाबांनो, ही एक लहान मुलगी आहे आणि हा अभिनय आहे. मला विचाराल तर आपल्या सिनेमातला हा सगळ्यात धीट क्षणांपैकी एक. बापाचं कौतुक म्हणा हवं तर. थोडंसं आहेच ते.

पुढचा सिनेमा सहकुटुंब बघायचा, निव्वळ धमाल. गोपाळांची टोळी, लोण्याची चोरी, आणि रात्री एका शेठजीच्या घरात शिरून त्याची दाढी बायकोच्या केसांना बांधून ठेवणं. मंदाकिनी हे सगळं अशा काही मिश्कीलपणे करते की देव वगैरे विसरून आपल्याला वाड्यातलं एखादं वांड कार्टंच आठवतं. मग यमुनेत उडी. पाण्याखाली ती आणि तो अगडबंब कालिया, काठावर जीव मुठीत धरून बसलेलं गोकुळ. खाली झुंज, वर आकांत, पुन्हा खाली. ग्राफिक्स नाही, आवाज नाही, तरी आपण टक लावून बघत राहतो. साप उघड उघड खोटा आहे. पोरगी खरी वाटते.

आता 'बाबांमुळे मिळालं' या मुद्द्याकडे. मिळालं, प्रश्नच नाही. पण काय मिळालं? 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी, १९१३ मध्ये, फाळक्यांना तारामतीसाठी एक बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच. मधे 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं, तर समाजाने दुर्गाबाईंना त्याची किंमत मोजायला लावली. अशा काळात फाळक्यांनी आपल्या पोटच्या पोरीला कॅमेऱ्यासमोर आणलं, तेही मुलाच्या भूमिकेत. कृष्णासाठी एखादा मुलगा मिळाला नसता का? सहा वर्षांपूर्वी पुरुषांना लुगडी नेसवणाऱ्या माणसाने सगळ्या गावाचा लाडका मुलगा करायला मुलगी घेतली! आज स्टारकिडला जे मिळतं त्याला आपण फायदा म्हणतो. तेव्हा त्याला लोक नावं ठेवत.

पण फाळक्यांना सगळेच मार्क देऊन टाकू नका. त्यानंतर पडद्यावर मंदाकिनीचं नाव फारसं दिसत नाही. सात वर्षांच्या पोरीने कृष्ण केला तर कौतुक, सतराव्या वर्षी तिने राधा केली असती तर? विचारायची सोय नव्हती. आणि आज तरी आहे का? गॅदरिंगला नाचलेल्या छोटीचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर फिरतो. तीच मुलगी एकांकिकेच्या तालमीवरून रात्री दहाला घरी आली की दारातच, 'हे किती दिवस चालणार?' कालिदासच्या विंगेत उभी असलेली, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातली कुणीही मुलगी तुम्हाला हे तोंडपाठ म्हणून दाखवेल. तिच्या वडिलांची कंपनी नाही. सबमिशन मात्र उद्या आहे.

तेव्हा या आठवड्यात 'कालियामर्दन' बघा. एकट्याने मोबाइलवर नको, घरच्यांना घेऊन बसा, टीव्हीला जोडा. आजीला तर गोष्ट पाठच असेल. सुरुवातीचा तो चेहरा आला की पॉझ करा आणि सांगा, ही मुलगी आहे, आपल्या नाशिकची आहे. मग तालमीचा विषय काढा.