‘खजिना’ परका, मग ‘मॅगझिन’ कोणाचे?

मराठीतून अरबी-फारसी शब्द हाकला, असा आग्रह धरणारे मला अधूनमधून भेटतात. ‘खजिना’ त्यांना परका वाटतो, त्याजागी ‘कोषागार’ हवे असते. तेच लोक ‘आमच्या मॅगझिनसाठी लेख द्या’ असे मात्र बिनदिक्कत म्हणतात.

हे ‘मॅगझिन’ आले कुठून? अरबीत ख-ज-न या धातूचा अर्थ साठवणे. साठवण्याची जागा म्हणजे ‘मख्जन’, त्याचे अनेकवचन ‘मखाजिन’. भूमध्य समुद्रावरच्या व्यापाराबरोबर तो शब्द युरोपात गेला आणि इटालियन, फ्रेंच अशी वळणे घेत सोळाव्या शतकात इंग्रजीत पोहोचला. अर्थ तोच, कोठार. दारूगोळ्याचे कोठारही मॅगझिनच. १७३१ साली लंडनमध्ये एडवर्ड केव्ह यांनी ‘द जेंटलमन्स मॅगझिन’ काढले, तेव्हापासून हे नाव नियतकालिकाला चिकटले.

म्हणजे दोन्ही शब्द एकाच धातूची लेकरे. एक फारसीच्या वाटेने आपल्या दारात आले, दुसरे युरोपला वळसा घालून, सूटबूट चढवून. पहिल्याला हाकलायचे आणि दुसऱ्याला पाट मांडायचा, हे भाषाप्रेम नव्हे. माणसांवरचा राग शब्दांवर काढणे आहे.

आपल्यातल्या कोणी ‘मॅगझिन आमचेच’ म्हणून मिरवण्याचेही कारण नाही. कोठार अरबीचे, पण नियतकालिकाचा अर्थ लंडनचा. शब्दाचा सातबारा जन्मावरून ठरत नाही, वहिवाटीवरून ठरतो. मराठीने ‘खजिना’ शेकडो वर्षे वापरला, म्हणून तो मराठी. आणि तो बोलणारे आम्हीही.