‘नेझा’ मुळात कोण? चिनी पुराणकथा आणि आपला ‘कॉपी’चा वाद

२०२५ मध्ये ‘नेझा २’ या चिनी ॲनिमेशनपटाने २ अब्ज डॉलरहून जास्त कमाई केली. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ या गेममधला माकडवीर जगभर पोहोचला होता. दोन्ही वेळा कमेंटमध्ये दोन मुद्दे हमखास दिसतात. एक, चीनने आपलेच देव कॉपी केले. दोन, चीन नास्तिक आहे, तिथे कसले देव? हे दोन्ही मुद्दे अर्धवट का आहेत, ते समजून घेऊया.

नेझाचं मूळ कुठलं?

उखळाला बांधलेल्या बाळकृष्णाने दोन झाडं पाडली आणि त्यातून कुबेराचे शापित मुलगे मुक्त झाले, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. त्यातला एक नलकूबर. अभ्यासकांच्या मते, बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांतून हे नाव चीनमध्ये गेलं आणि तिथे त्याचं ‘नेझा’ झालं. कुबेर म्हणजे वैश्रवण, बौद्ध परंपरेतला उत्तर दिशेचा रक्षक. त्याचाच पुढे चिनी सेनापती झाला, ली जिंग. हाच नेझाचा बाप.

पण नाव सोडलं तर गोष्ट पूर्ण वेगळी आहे. मिंग काळातल्या ‘फंगशन यानयी’ या कादंबरीत लहानगा नेझा समुद्राच्या नागराजाच्या मुलाला मारतो. नागराज सूड घ्यायला येतो, तेव्हा आईबापांवर संकट नको म्हणून नेझा स्वतःचा जीव देतो. नंतर त्याचा गुरू त्याला कमळापासून नवं शरीर देतो.

एका गोष्टीत तीन विचार

चिनी पुराणकथांची मुळं या एका गोष्टीत सापडतात. आईबापांचं ऋण कसं फेडायचं, हा प्रश्न कन्फ्यूशियसच्या विचारातला. मृत्यूवर मात करणारा सिद्ध गुरू ताओ परंपरेतला. नाव आणि कमळ बौद्ध धर्मातून आलेलं. या तिन्हींच्या खाली गावोगावच्या लोकदेवतांचा जुना थर आहे. त्यामुळे अमुक देव नक्की कोणत्या धर्माचा, हा प्रश्न तिथल्या सामान्य भक्ताला फारसा पडत नाही.

नगर जिल्ह्यातल्या वाचकाला हे परकं वाटू नये. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची समाधी आहे. नवनाथांच्या पोथीत गोरक्षनाथांच्या मंत्राने मातीच्या बाहुल्यातून गहिनीनाथ जन्मतात. कमळातून नेझा, मातीतून गहिनीनाथ. साम्य आहे, पण साम्य म्हणजे उसनवारी नव्हे. दोन समाजांना एकच कल्पना स्वतंत्रपणेही सुचू शकते.

मग वुकाँग म्हणजे हनुमान?

यावर चीनमध्येच १९२० च्या दशकात वाद झाला. विचारवंत हू शी यांना त्यात हनुमान दिसला. लेखक लू शुन यांनी त्याचं मूळ चिनी दंतकथेतल्या एका जलराक्षसात शोधलं. हा वाद आजही मिटलेला नाही.

पण वुकाँग ज्या भिक्खूचं रक्षण करतो, तो खरा माणूस होता. शाळेच्या पुस्तकातला युआन श्वांग. सातव्या शतकात, पुलकेशीच्या राज्यात, तो महाराष्ट्रात आला होता. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने नोंदवलं. म्हणजे ग्रंथ शोधत तेच आपल्याकडे आले, त्यांनी कष्टाने भाषांतरं केली. याला ‘कॉपी’ म्हणणं अन्यायाचं आहे.

नास्तिक देशातले देव

चीनचा सत्ताधारी पक्ष अधिकृतपणे नास्तिक आहे. १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीत तिथली कितीतरी मंदिरं उद्ध्वस्त झाली. आज मात्र त्याच देवांच्या गोष्टी सिनेमा आणि गेममधून देशाची प्रतिष्ठा वाढवतात. सरकार बदललं, धोरण बदललं, तरी लोकांनी गोष्टी सोडल्या नाहीत.

चिनी देव बघायला परदेशी जायचीही गरज नाही. मुंबईत माझगावला १९१९ मध्ये बांधलेलं ‘सी यप कून’ हे चिनी मंदिर आहे. तिथला देव ग्वान गाँग म्हणजे तिसऱ्या शतकातला एक सेनापती. निष्ठेमुळे लोकांनी त्याला देव केलं.

१९६२ च्या युद्धात चिनी वंशाच्या अनेक भारतीय कुटुंबांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यांचा गुन्हा एकच, चेहरा आणि आडनाव. सीमेवरच्या वादात सरकारला प्रश्न विचारायलाच हवेत. पण तो राग माणसांवर आणि त्यांच्या देवांवर काढला की काय होतं, हे देवळीने दाखवलं आहे. म्हणून पुढच्या वेळी ‘चिनी माल’ अशी कमेंट टाइप करण्याआधी नलकूबराचा प्रवास आठवायला हरकत नाही. तो इथून निघाला खरा, पण वाढला तिकडे. आज तो दोघांचाही आहे.