समाधानाचें पत्रक

समाधान या शब्दाचे दोन अर्थ आपल्याकडे रूढ आहेत. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष येतो, शंका निघते, तिचें जें निरसन तें समाधान. आणि पोटभर जेवून उठलेल्या मनुष्याच्या मुद्रेवर जें दिसतें तेंही समाधानच. सारा जन्म वर्गांत घालविल्यामुळें आम्हांस पहिल्या अर्थाची संवय. परंतु कोरोनाच्या सांथींत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ‘ऑनलाइन शिक्षणाविषयीं आपण समाधानी आहांत काय?’ असें जें जिकडे तिकडे विचारण्यांत आलें, तें दुसऱ्या अर्थानें. या दोहोंतील अंतर किती, तें आमच्या घरींच आमच्या प्रत्ययास आलें.

२५ मार्च २०२० रोजीं देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां आमच्या थोरल्या बंधूंची नात नुकतीच बारावीच्या परीक्षेंतून सुटली होती. पुढें तिनें येथेंच वर्धेस बी. एस्सी.ला नांव घातलें. पण महाविद्यालयाची पायरी न चढतांच तिचें पहिलें वर्ष सुरू झालें आणि संपलेंही. बारा माणसांच्या आमच्या घरांत कामाचे फोन दोन. एकावर तिच्या काकांची कचेरी, दुसऱ्यावर धाकट्याची शाळा आणि हिचें रसायनशास्त्र आलटून पालटून. त्यांतून रेंज मिळावयाची ती फक्त गच्चीवर. वैशाखाच्या उन्हांत डोक्यावर ओला पंचा घेऊन अणूची रचना शिकणारी मुलगी आम्हीं जन्मांत प्रथमच पाहिली.

तरी आम्ही भाग्यवानच म्हणावयाचे. सांथीपूर्वीं, २०१७-१८ सालीं, राष्ट्रीय नमुना पाहणींत असें आढळलें होतें कीं, खेड्यांतील शंभर कुटुंबांपैकीं सुमारें १५ घरांतच इंटरनेटची सोय आहे, आणि संगणक तर जेमतेम चार घरांत; शहरांतून हेच आंकडे ४२ व २३ असे होते. नातीची एक मैत्रीण आष्टी तालुक्यांतली. घरांत फोन एकच, तो वडिलांच्या खिशांत, आणि वडील दिवसभर शेतांत. ते परत येईपर्यंत तास संपलेला असे. मग रात्रीं आमची नात तिला फोनवरून टिपणें वाचून दाखवी.

अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्या कीं न घ्याव्या हा वाद त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि परीक्षेवांचून पदवी नाहीं असा निकाल २८ ऑगस्ट २०२० रोजीं लागला. निकाल आम्हांस मान्य आहे. शिकण्यावांचून परीक्षा चालते कीं नाहीं, याविषयीं मात्र कोणी दावा लावल्याचें ऐकिवांत नाहीं.

वर्ष संपतांना नातीच्या फोनवर एक पत्रक आलें. पांच प्रश्न, प्रत्येकापुढें पांच गोल. पाहिजे त्यावर बोट ठेवावयाचें. तिनें भराभर ‘समाधानी’, ‘समाधानी’ असें करून टाकलें. आम्ही शेजारींच बसलों होतों.

“खोटें कां सांगितलेंस?” आम्हीं विचारलें.

“खोटें कसें, धाकटे आजोबा? बसचा खर्च नाहीं, धांवपळ नाहीं, घरचें गरम जेवण. तास रेकॉर्ड केलेला, पाहिजे तेव्हां ऐका. मार्कही चांगले पडले. मग समाधानी नाहीं तर काय?”

“आणि शंका आली म्हणजे?”

ती क्षणभर थांबली. “शंका यायच्याच बंद झाल्या,” ती म्हणाली.

हें उत्तर आमच्या मनांतून कितीएक दिवस गेलें नाहीं. प्रश्नोपनिषदांतले सहा जण समिधा घेऊन पिप्पलादाकडे गेले, तेव्हां त्यानें त्यांना आधीं वर्षभर आपल्यापाशीं राहावयास सांगितलें आणि मग काय तें विचारा म्हटलें. जवळ राहिल्यावांचून शंका पिकत नाहीं, हें त्या ऋषीला ठाऊक होतें. शिक्षकाची बाजूही तीच. मुलाच्या कपाळावर आंठी दिसली कीं वाक्य फिरवून पुन्हा सांगावयाचें, हा आमचा अर्धा धंदा. आमचा एक जुना विद्यार्थी आज प्राध्यापक आहे. त्याच्यापुढें सत्तर काळे चौकोन असत, नांवें लिहिलेले. चेहरा एकही नाहीं. “भिंतीला शिकवतों, गुरुजी, पण भिंतीला निदान चुना तरी असतो,” असें तो म्हणे. आतां लांबच्या गांवांतल्या नोकरदार मुलांना, लेकुरवाळ्या सुनांना त्या तासांचा खरोखर उपयोग झाला, हेंही आम्हीं पाहिलें आहे; तें नाकारणें अन्याय होईल.

परंतु हातानें शिकावयाच्या विद्येचें काय? २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं याच वर्धेंत गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, आणि हाताच्या उद्योगांतून मुलांना शिकवावें हा विचार येथून देशभर गेला. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें त्याची योजना आंखली. नई तालीमचें सारेंच आम्हांस पटलें होतें असें नाहीं. पण त्याच गांवांत आमच्या नातीनें वर्षभर प्रयोगशाळा चित्रांत पाहिली. चित्रांतल्या ब्युरेटमधून थेंब नेहमीं बेतानेंच पडतो.

२० ऑक्टोबर २०२१ पासून महाविद्यालयें उघडलीं. प्रयोगाच्या पहिल्या दिवशीं ती रडवेली होऊन घरीं आली. आम्लांत अल्कली सोडतां सोडतां एका थेंबानें फिकट गुलाबी रंग यावयाचा, तो हिच्या हातून दर वेळीं गडद किरमिजी होई. बारावीला दोनदां हातीं धरलेली ब्युरेट. हात विसरला होता. तेथील सरांनीं कांहीं न बोलतां तिला आठवडाभर रोज अर्धा तास थांबवून घेतलें.

शनिवारीं ती आली तों स्वयंपाकघरांतूनच हांका मारीत. रंग बरोबर आला होता. पण थोड्या वेळानें पाहते तों आपोआप उडालेला! असें कां, म्हणून तिनें सरांना विचारलें. हवेंतला कार्बन डायऑक्साइड त्यांत विरघळतो म्हणून, असें त्यांनीं सांगितलें. त्यावर तिनें आणखी एक प्रश्न काढला, त्यावर आणखी एक. प्रयोगशाळेच्या शिपायानें दिवे मालवले तेव्हां कोठें दोघे बाहेर पडले. तो शेवटचा प्रश्न तिनें आम्हांसही दोनदां समजावून सांगितला. आम्हांस तो समजला नाहीं.