खेड्याला कसला इतिहास?

खेड्याला कसला आलाय इतिहास, असं म्हणणारे लई भेटतात. वेरूळ, अजिंठा, देवगिरी बघायला येतात अन् मधली सगळी गावं मोटारीच्या काचेतून सोडून देतात. त्यांनी एकदा असईला जावं.

असई आज जालना जिल्ह्यात. 1981 पर्यंत तो सगळा मुलूख आमच्याच औरंगाबाद जिल्ह्यात होता. केळना अन् जुई या नद्यांच्या बेचक्यातलं हे गाव. इथं 23 सप्टेंबर 1803 ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. 1815 ला वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा तो हाच. इंग्रजांच्या पलटणींनी असईचं नाव अन् हत्तीचं चित्र निशाणावर मिरवलं. इकडं आपल्या पोरांना विचारा, असई कुठं आहे?

त्या दिवशी वेलस्लीला नदी ओलांडायची होती. वाटाडे म्हणाले, इथं उतार नाही. त्याला दिसलं, दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं आहेत. त्यानं ताडलं, शेजारची गावं म्हणजे जाणं-येणं असणार, अन् जाणं-येणं म्हणजे उतार असणारच. उतार निघाला, फौज पार झाली. लोक याला त्याची हुशारी म्हणतात. अहो, हे तर कोणत्याही गुराख्याला कळतं! सोयरीक, बाजार, गुरंढोरं यांनी ती वाट पाडली होती. लढाई ज्या वाटेनं फिरली ती वाट गावाची, अन् इतिहास मात्र सेनापतीचा?

सप्टेंबरात ज्वारी-बाजरी वावरात उभी असते. कुणाची पिकं तुडवली? किती तोफा हाती लागल्या ते इंग्रजांनी लिहून ठेवलं. पिकाचा हिशेब कुणी ठेवला? त्याच साली, 1803-04 ला, दख्खनेत दुष्काळ पडला. पावसानं दडी मारली होती अन् लुटारू फौजांनी मुलूख धुऊन नेला होता. मेले ते कुणबी, बलुतेदार, मजूर. त्यांच्या नावाचं निशाण कुठं आहे?

पण माझं भांडण पाहुण्यांशी कमी, आपल्याशी जास्त आहे. सातबाऱ्यावर गट नंबर आला अन् वावरांची जुनी नावं गेली. कोणती विहीर कुणी खांदली, बहात्तरच्या दुष्काळात कोणता रस्ता झाला, रझाकाराच्या वेळी कोण कुठं लपलं, हे सांगणारी माणसं एकेक करून चालली. ग्रामसभेत नाल्या अन् घरकुलाबरोबर हाही विषय घ्या. शाळेतल्या पोरांच्या हाती वही द्या, म्हाताऱ्यांपुढं बसवा. आपला उतार आपणच लिहून ठेवला पाहिजे, नाहीतर तो परक्याच्याच नावावर चढतो.