परदेशी चलन आणि घरचा हिशेब

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की पुण्या-मुंबईच्याच नव्हे, तर आता सांगली-नाशिकच्याही मध्यमवर्गीय घरांत परदेशवारीचे बेत शिजू लागतात. कुणाला नातवाचे तोंड पाहण्यासाठी न्यू जर्सीला जायचे असते, कुणाला निवृत्तीच्या पैशातून एकदा युरोप पाहून घ्यायचा असतो. विमानाचे तिकीट पाचशे रुपयांनी स्वस्त मिळावे म्हणून महिनाभर चौकशा करणारी आणि मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठीही घासाघीस करणारी हीच मंडळी डॉलर विकत घेताना मात्र खिडकीपलीकडचा माणूस सांगेल तो भाव मुकाट्याने मोजतात. परकीय चलन हा विषय आपला नव्हे, तो बँकवाल्यांचा, ही समजूत त्यामागे आहे, आणि तिची किंमत प्रत्येक प्रवासात काही हजार रुपयांनी चुकवावी लागते.

या समजुतीला इतिहास आहे. साठच्या दशकात आणि सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी खिशात अवघे आठ डॉलर घेऊन विमानात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या कथा अनेक घरांत आजही सांगितल्या जातात. परदेशी जायचे तर रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा ‘पी फॉर्म’ लागे. १९७३ च्या ‘फेरा’ कायद्याने तर चलनविषयक उल्लंघन हा फौजदारी गुन्हाच ठरवला होता. १९९१ साली रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवावे लागले, तो प्रसंग त्या पिढीच्या मनावर कोरला गेला आहे. पुढे १ जून २००० पासून ‘फेमा’ लागू झाला. फेब्रुवारी २००४ मध्ये सामान्य नागरिकाला वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची मुभा मिळाली आणि २०१५ मध्ये ही मर्यादा अडीच लाख डॉलरवर गेली. दार उघडले, परंतु दारातून बाहेर पडताना खिसा कसा सांभाळावा, हे कुणी शिकवले नाही.

‘कमिशन नाही’ ही पाटी हा या व्यवहारातील सर्वांत मोठा भुलावा आहे. चलन विकणारा आपला नफा कमिशनात नव्हे, तर खरेदी आणि विक्रीच्या भावांतील फरकात ठेवतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा, बँकाबँकांतील व्यवहारात डॉलर १०० रुपयांना आहे. विक्रेत्याने तो १०४ ला विकला, तर दोन हजार डॉलर घेणाऱ्याचे आठ हजार रुपये तिथेच गेले. परत आल्यावर उरलेले तीनशे डॉलर त्याच खिडकीवर ९६ ने दिले, की आणखी बाराशे गेले. त्यावर वस्तू व सेवा कर असतो, तो एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला रकमेच्या ०.१८ टक्के, किमान ४५ रुपये. म्हणजे त्याची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता करावी ती भावाची. विमानतळावरील खिडकीवर हा फरक सहसा सर्वाधिक असतो, कारण तिथे पोहोचलेल्या प्रवाशाला मागे फिरता येत नाही, हे विक्रेता जाणून असतो. प्रवासाच्या आठ-दहा दिवस आधी आपली बँक आणि गावातील दोन परवानाधारक चलनविक्रेते यांचे भाव एकाच दिवशी, एकाच तासात विचारावेत. दुसऱ्याचा भाव सांगताच पहिला खाली येतो, हा अनुभव दुर्मीळ नाही.

पण सारेच पैसे नोटांत नेण्याचे कारणही नाही, आणि नियमही तसे करू देत नाही. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला तीन हजार डॉलरपर्यंतच्याच नोटा मिळतात. उरलेली रक्कम कार्डावर न्यावी लागते. आगाऊ पैसे भरून घेतलेल्या फॉरेक्स कार्डाचा लाभ असा, की भाव भरणा करतानाच निश्चित होतो. मात्र डॉलर भरलेले कार्ड लंडनमध्ये पौंडांसाठी वापरले, तर चलनबदलाचे वेगळे शुल्क लागते. म्हणून ज्या देशात जायचे त्याच देशाचे चलन भरावे. हे कार्ड हॉटेलच्या अनामतीसाठी पुढे करू नये. अडकलेली रक्कम सुटायला कित्येक दिवस लागतात आणि तोवर प्रवासी परत आलेला असतो. घरचे साधे क्रेडिट कार्ड वापरले, तर अनेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार आणि त्यावर १८ टक्के कर घेतात. दोन लाखांच्या खर्चावर हे ८,२६० रुपये होतात. हा अधिभार न घेणारी कार्डेही आहेत. निघण्यापूर्वी बँकेला तेवढा एक प्रश्न विचारावा.

आणखी एक सापळा आहे, आणि तो सुशिक्षितांनाच अधिक गाठतो. पॅरिसच्या दुकानात कार्ड दिले की यंत्र अदबीने विचारते: युरोत देणार की रुपयांत? परक्या मुलखात आपला रुपया दिसला की मन हरखते, आकडाही समजतो, आणि बोट आपसूक रुपयाकडे जाते. वास्तविक रुपयाचा तो आकडा दुकानदाराच्या बँकेने आपल्या मर्जीच्या भावाने काढलेला असतो, आणि आपली बँकही बहुधा त्यावर वेगळे शुल्क लावते. नेहमी तिथल्याच चलनात द्यावे. देशाभिमान दाखवण्याची ही जागा नव्हे.

कुठे काय न्यावे, हेही देशागणिक बदलते. स्वीडनमध्ये अनेक दुकाने नोटा घेतच नाहीत. जपान व जर्मनीत मात्र रोख जवळ लागते. व्हिएतनाम किंवा इंडोनेशियाला जाणाऱ्याने तिथले चलन इथे चढ्या भावाने घेण्यापेक्षा शंभर डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्याव्यात. लहान किंवा डागाळलेल्या नोटांना तिथे कमी भाव मिळतो.

आता एका नाजूक विषयाकडे वळावे लागेल. अनेक सज्जन घरांत एक व्यवस्था वर्षानुवर्षे चालत आली आहे. आई-वडील अमेरिकेला पोहोचले की मुलाचा मित्र त्यांच्या हाती डॉलर ठेवतो आणि इकडे त्या मित्राच्या वडिलांच्या खात्यात तेवढे रुपये जमा होतात. भाव दोघांच्या सोयीचा, बँकेचे शुल्क नाही, वर ऋणानुबंध! यात आपण काही वावगे करतो, असे कुणाच्या मनातही येत नाही. परंतु परकीय चलनाच्या बदल्यात देशातल्या देशात रुपये चुकते करणे हेच तर हवालाचे स्वरूप. फेमाने ते निषिद्ध मानले आहे आणि गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. हवालावाल्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या घरांनी आपल्या अंगणात काय चालले आहे, हेही पाहायला हवे. मुलाने आई-वडिलांचा तिथला खर्च स्वतः केला, तर त्यात काहीच गैर नाही. दोष आहे तो परस्पर फिटंफाट करण्यात. पावती न देता ‘ओळखीतून’ नोटा देणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. त्यातील एखादी नोट बनावट निघाली, तर परदेशातील पोलिसांना कोणते नाते सांगणार?

अर्थात, कायदा पाळणाऱ्याला तो पाळणे परवडावे, ही जबाबदारी शासनाची आणि रिझर्व्ह बँकेची आहे. परदेशात पाठवायच्या रकमेवर ‘टीसीएस’ कापला जातो. टूर पॅकेज वगळता, स्वतःच्या प्रवासासाठी घेतलेल्या चलनावर तो लागू होण्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला ७ लाखांवरून १० लाख रुपयांवर नेली, हे योग्यच झाले. पण कापलेली रक्कम आयकरात वळती होते, हे ठाऊक नसलेले आणि विवरणपत्र न भरणारे ज्येष्ठ नागरिक तिला कायमची मुकतात. रुपे आणि यूपीआय यांनी सिंगापूर, अमिराती, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान, फ्रान्स येथपर्यंत मजल मारली, ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि अनेक ठिकाणी ती सोय निवडक दुकानांपुरतीच आहे, आणि स्वदेशी म्हणून तिचा भावही आपोआप स्वस्त असेल, असे गृहीत धरू नये. तिथेही चलनबदल होतो आणि बँक त्याचे मोल घेऊ शकते.

खरी उणीव आहे ती भाव उघड सांगण्याची. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने ऑगस्ट २०१९ मध्ये ‘एफएक्स-रिटेल’ ही व्यवस्था सुरू झाली. सामान्य ग्राहकालाही बाजारभावाच्या जवळ डॉलर मिळावा आणि बँकेने आपले शुल्क निराळे दाखवावे, हा तिचा हेतू. हेतू उत्तम, पण किती शाखांतील कर्मचारी आपणहून ग्राहकाला तिचे नाव सांगतात? औषधाच्या वेष्टनावर किंमत छापणे बंधनकारक आहे. मग चलनाच्या पावतीवर त्या दिवसाचा बाजारभाव आणि विक्रेत्याने घेतलेला फरक हे दोन आकडे शेजारीशेजारी छापायला काय हरकत आहे? ग्राहक पंचायतींनी आणि खासदारांनी ही मागणी लावून धरावी. तोवर ग्राहकाने बाजारभाव स्वतःच पाहून जावे आणि पावती जपून ठेवावी. परतल्यावर दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा पुढील प्रवासासाठी घरी ठेवता येतात. त्याहून अधिक असतील, तर १८० दिवसांच्या आत बँकेत वा परवानाधारकाकडे जमा कराव्या लागतात.