आधी आकडा पाहा, मग प्लेट

यवतमाळच्या दत्त चौकापासून पुसद, वणी, उमरखेडपर्यंत पार्लरच्या फलकांवर आता रिबाँडिंग, स्मूदनिंग, केराटिन ही नावं दिसतात. लग्नसराईच्या तोंडावर मुली केस सरळ करून घेतात आणि ‘आता वर्षभर बघायला नको’ हे आश्वासन घेऊन घरी येतात. आश्वासन अर्धं खरं असतं. रिबाँडिंगने सरळ झालेला केस पुन्हा वळत नाही. पण टाळूतून येणाऱ्या नव्या केसाला पार्लरची काही खबर नसते, तो जन्माचं वळण घेऊनच येतो. महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, या वेगाने तुळशीच्या लग्नाला सरळ केलेल्या केसांच्या मुळाशी अक्षय्य तृतीयेपर्यंत पाचेक सेंटीमीटरची कुरळी पट्टी तयार होते. खाली सरळ, वर फुगलेलं. मग घरात स्ट्रेटनर घ्यायचं ठरतं आणि सल्ल्यांना ऊत येतो. त्यातले चार सल्ले फार चलनात आहेत, आणि चारही तपासून पाहिले पाहिजेत.

पहिला सल्ला: ‘सिरॅमिकचं घ्या, त्याने केस जळत नाहीत.’ केस जळतो तो तापमानाने. प्लेट २२० अंशांवर असेल तर ती सिरॅमिकची असली तरी २२० अंशांवरच असते. केस हे केराटिन नावाचं प्रथिन, आणि सुक्या केसातलं हे प्रथिन २२० अंशांच्या पुढे कायमचं बिघडायला लागतं. रसायनातून गेलेला केस त्याच्या आधीच हार मानतो. मग सिरॅमिकचा उपयोग काय? उपयोग आहे, पण मर्यादित. बहुतेक स्ट्रेटनरची प्लेट ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर सिरॅमिकचा पातळ थर असतो. तो गुळगुळीत असल्यामुळे केस अडकत नाही, सहज सरकतो. थर हलका असेल तर काही महिन्यांत चरे पडतात, टवके निघतात आणि त्याच जागी केस ओढला जातो. याखेरीज, बऱ्याच यंत्रांत प्लेटच्या मागचा हीटरही सिरॅमिकचा असतो. ठरावीक तापमान आलं की त्याचा विद्युतरोध एकदम वाढतो आणि तो स्वतःहून आवरतो. हा गुण प्लेटवरच्या चकाकीपेक्षा मोलाचा आहे, पण खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापली जाते ती चकाकीच.

दुसरा सल्ला: ‘पार्लरवाले टायटॅनियम वापरतात, ते उष्णता चांगली वाहून नेतं.’ भौतिकशास्त्र नेमकं उलट सांगतं. टायटॅनियमची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ॲल्युमिनियमच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी आहे. पार्लरचं यंत्र झटपट काम करतं ते जास्त वॉटचं असल्यामुळे आणि २३० अंशांपर्यंत तापत असल्यामुळे. तिथे बाहेर पुढचं गिऱ्हाईक बसलेलं असतं आणि केसात रसायन बसवायचं असतं. घरी आरशासमोर बसून पाच सेंटीमीटर मुळं सरळ करणाऱ्या मुलीला यातली कोणतीही घाई नाही. पार्लरची गरज ही तिची गरज नव्हे.

तिसरा सल्ला सर्वांत महागडा: ‘स्ट्रेटनरच्या भानगडीत पडू नका, दर चार महिन्यांनी पुन्हा करून घ्या.’ रिबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेट वर्गातलं रसायन केसातले गंधकाचे बंध तोडतं, केस प्रेस केला जातो आणि मग दुसऱ्या रसायनाने ते बंध नव्या जागी बांधले जातात. हे फक्त नव्या वाढीवर झालं तर एक वेळ ठीक. घाईत तेच रसायन जुन्या सरळ केसांवरही ओघळतं आणि एकदा तुटून जोडलेले बंध पुन्हा तुटतात. नव्या-जुन्याच्या सांध्यावर केस तुटू लागतात त्यामागे अनेकदा हेच असतं.

केराटिनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या उपचारांची गोष्ट वेगळी. त्यांतल्या अनेकांत फॉर्मल्डिहाइड किंवा गरम केल्यावर ते सोडणारी द्रव्यं असतात. ‘फॉर्मल्डिहाइड नाही’ असं सांगून ज्यात ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरतात, तेही निर्धोक नाही. २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका तरुणीची हकिगत छापून आली. सलूनमध्ये तिने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. तिच्या केसांवर वापरलेल्या क्रीममध्ये हेच आम्ल होतं. त्याआधी २०२२ साली अमेरिकेतल्या ३३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत, केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के असल्याचा अंदाज निघाला, आणि वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. या पाहणीने संबंध दाखवला, कारण सिद्ध केलं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण एवढी शंका असताना वर्षातून तीन-तीनदा त्याच खुर्चीत बसण्याला शहाणपण म्हणता येणार नाही.

चौथा सल्ला घरातूनच येतो: ‘थोडं खोबरेल लावून, केस ओलसर असतानाच फिरव, छान बसतात.’ ओल्या केसावर तापलेली प्लेट पडली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती केसाच्या गाभ्यात बुडबुडे करून बाहेर पडते. असा केस तिथेच मोडतो. खोबरेल वाईट नाही. रेळे आणि मोहिले या मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं की धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसातल्या प्रथिनांचा ऱ्हास कमी करतं. मॅरिको खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनच हा निष्कर्ष वाचावा, पण तो खरा धरला तरी बोलतो धुण्याने होणाऱ्या ऱ्हासाबद्दल, तापलेल्या प्लेटबद्दल नव्हे. साधं खोबरेल १८० अंशांच्या आसपास धुरायला लागतं. त्याला प्लेटखाली घालणं म्हणजे केस तळणं.

खंडन झालं. आता घ्यायचं काय, ते सांगतो.

सिरॅमिक प्लेटचंच घ्या, पण आधी तापमानाची सोय पाहा. स्वस्तातली अनेक यंत्रं एकाच तापमानाची, साधारण २०० ते २१० अंशांची असतात. ती या कामाची नाहीत. ज्यावर अंशांचा आकडा दिसतो आणि जे १३० ते १४० अंशांपर्यंत खाली आणता येतं, तेच घ्या. कारण तुमच्या डोक्यावर एकाच वेळी दोन जातींचे केस आहेत. टेरिकॉट आणि सुती कापडाला एकाच आकड्यावर इस्त्री कोणी करत नाही. मुळाशी आलेला नवा केस धडधाकट असतो, त्याला १५० ते १७० अंश पुरतात. खालचा केस रसायनाने थकलेला आणि आधीच सरळ असतो, त्याला सहसा प्लेट लावायचं कारण नाही; लागलीच तर सगळ्यात खालचा आकडा.

प्लेट अडीच सेंटीमीटरपेक्षा रुंद नको, अरुंद असेल तर उत्तमच. रुंद प्लेट टाळूजवळ जात नाही आणि गेली तर चटका देते. कडा गोल हव्यात, प्लेट दाबल्यावर किंचित हलायला हवी. ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय आपल्याकडे चैनीची नाही. लाईट जाते, मुलगी उठून कामाला लागते, तासाभराने लाईट येते आणि साध्या खटक्याचं यंत्र गादीवर पुन्हा तापू लागतं. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेलं यंत्र फक्त १२० व्होल्टचं असेल तर आपल्या २३० व्होल्टला ते जळतं. त्याच्या दांड्यावरचे बारीक आकडे आधी वाचा.

वापर असा: धुतलेले केस पूर्ण कोरडे करा, उष्णतेपासून जपणारं सीरम लावा, बारीक बटा घ्या. टाळूपासून थोडं अंतर ठेवून एकदा, फार तर दोनदा प्लेट फिरवा आणि जुना केस सुरू होतो तिथे हात थांबवा. त्या सांध्यावर ओढाताण नको. यंत्राने होणारा सरळपणा तात्पुरता असतो, कारण उष्णता फक्त हायड्रोजनचे बंध हलवते आणि ओलावा ते परत फिरवतो. म्हणून मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, कोरड्या हवेत टिकलेला सरळपणा मृगाच्या सरी आल्या की तासाभरात जातो. यात यंत्राचा दोष नाही. अशा वेळी आकडा वाढवून केस भाजण्यापेक्षा वेणी घाला.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे: ‘मुळात सरळ कशाला? कुरळे केस काय वाईट आहेत?’ वाईट मुळीच नाहीत. ‘सरळ म्हणजे नीटनेटके’ हा समज जाहिरातींनी रुजवला आहे आणि ज्या मुलीने अजून काहीच करून घेतलं नाही, तिने तो उधळूनच लावावा. पण करून बसलेल्या मुलीला हा उपदेश उशिरा येतो. तिच्यापुढचा प्रश्न पुढचं वर्ष-दीड वर्ष दोन प्रकारचे केस न तुटता कसे सांभाळायचे, हा आहे. यंत्र त्या संक्रमणाचं साधन आहे. नवे केस पुरेसे लांब झाले की जुनी टोकं कापून टाकता येतात आणि मग कुरळं की सरळ, हा निर्णय पार्लर नव्हे, ती घेते.

म्हणून दुकानात गेल्यावर विक्रेत्याला ‘सिरॅमिक आहे का’ हे नंतर विचारा. पहिला प्रश्न असू द्या: ‘कमीत कमी किती अंशांवर चालतं?’ याचं उत्तर आकड्यात आलं नाही, तर ते यंत्र तिथेच राहू द्या.